मराठीत नसलेला शेवटचा भाग

भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचत आलो ते पेपर तपासल्यासारखे – कुठे चुकलंय ते शोधत. मोताळ्याला शाळेत इंग्रजी शिकवतो, सवयच तशी. आमच्या घरात ना उतारा, ना अंगारा, ना कुणाच्या अंगात येणं. तेव्हा हे कुणाला घाबरवायला लिहीत नाही. मला राग आलाय... आणि तो नेमका कुणावर काढावा हे अजून कळत नाही.

माझी मोठी बहीण सुमनताई, माझ्याच घरी राहायची. तरुणपणी ती कापूस वेचायला जायची. तेव्हा आमच्याकडे रीत होती – एकीनं सिनेमा पाहून यायचं आणि वेचता वेचता सगळ्या रांगेला सांगायचा. ताई सांगायची तेव्हा सासूचा, हिरोचा, इन्स्पेक्टरचा, सगळ्यांचे आवाज एकटीच काढायची. गोष्टीच्या ओढीनं बायकांचे हात भराभर चालत, कमरेला बांधलेल्या ओट्या कापसानं भरत. तिचा एकच नियम, गोष्ट अर्धी सोडायची नाही. संपली की म्हणायची, "झाली गोष्ट. चला व, ओट्या खाली करा."

तीच ताई आजारात टीव्हीसमोर आली. शेगावला स्टेशनबाहेर एका स्ट्रीमिंग कंपनीचं भलंमोठं होर्डिंग लागलं होतं – 'सगळा आशिया, तुमच्या भाषेत'. ते पाहून मीच ते ॲप घरी घेतलं. त्यात एक कोरियन मालिका होती. बेटावरची एक म्हातारी, भांडून गेलेली तिची मुलगी, आणि रोज बोटीच्या धक्क्यावर वाट पाहणं. ताईला तिचं वेडच लागलं. मराठी आवाज ऐकून हसायची, "हे म्हातारी पुन्याची हाय काय बे? मासे विकते अन 'अगं बाई, इश्श' म्हन्ते."

आणि शेवटचा भाग आला तेव्हा मराठी बंद. हिंदीही बंद. थाई होती, इंडोनेशियन होती, व्हिएतनामी होती. इंग्रजी होतं ते फक्त खालच्या अक्षरांत. मी फोन केला तर पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "सर, कंपनी सध्या नवीन मार्केट्सवर फोकस करतेय." म्हणजे तुम्ही देशोदेशी वाढणार आणि आमची माणसं अर्ध्या गोष्टीत सोडून जाणार? आधी यायलाच कुणी सांगितलं होतं? मी हे त्याला बोललो. त्यानं धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

तोवर ताई बुलढाण्याला दवाखान्यात होती. मला म्हणाली, "तुले इंग्रजी येते ना भाऊ? खालचं वाच. तू पाह्य, अन मले सांग."

"हो," म्हटलं.

पाहिलं नाही. फोन खिशात होता, वेळ होता. तासाभराचं काम. कंटाळा केला – दुसरा शब्द नाही याला. दुसऱ्या दिवशी तिच्या खाटेशेजारी बसून ठोकून दिलं, "आली मुलगी. बोटीतून उतरली. दोघी रडल्या. संपलं."

ताईनं विचारलं, "बस? एवढंच?"

"हो."

"काय घातलं होतं तिनं?"

"लक्षात नाही."

"मायनं पयले काय इचारलं तिले?"

"ताई, झोप आता."

ती भिंतीकडे वळली. "वेचनीत असं सांगतलं असतं ना, त बायांनी बोंडं फेकून मारले असते मले."

त्याच आठवड्यात ती गेली.

ती थाप मारली तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. मी काय सांगितलं ते बायकोलाही कधी बोललो नाही. हे लक्षात ठेवा.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. पुढच्या रविवारी भरदुपारी मी एकटा टीव्हीसमोर बसलो आणि तो शेवटचा भाग लावला. कोरियन आवाज, खाली इंग्रजी. शेवटची बोट धक्क्याला लागते. उतरायची फळी टाकतात. आणि कुणीही उतरत नाही. खरा शेवट तो आहे – मुलगी येत नाही.

फळी पडली आणि कोरियन आवाज थांबला.

"थे पाह्य, आली. निया रंगाचा पंजाबी ड्रेस घातला तिनं... हातात पिशवी हाय. माय काई बोलेच ना. नुसती पाहून राह्यली. मंग म्हने –" आणि आवाज म्हातारीचा झाला, "जेवली काय व माय?"

पडद्यावर रिकामी फळी. खाली इंग्रजीत अक्षरं, कुणी आलं नाही या अर्थाची. आणि वर सुमनताईचा आवाज, मुलीचं रडणं वेगळं, आईचं वेगळं.

रेखा, माझी बायको, कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ताई कोनाले सांगून राह्यल्या हो –" आणि तिथंच थांबली. तिनं ऐकलं होतं. दोघांनीही पुढचं ऐकलं, "झाली गोष्ट. चला व, ओट्या खाली करा." मग कोरियन गाणं, नावं, काळा पडदा.

तो भाग मी पुन्हा पुन्हा लावला. ताईचा आवाज? नाही. कंपनीला विचारलं तर, "सर, त्या भागाला मराठी ऑडिओ कधी नव्हताच." शाळेतले सहकारी म्हणतात एआय असेल. असेल तर सांगा, ताईचा आवाज कधी कुणी रेकॉर्ड केला? आणि दवाखान्यातली माझी थाप त्या मशीनला कुणी सांगितली? काहीजण म्हणतात, दुःखात भास होतात. रेखालाही तोच भास, तेच शब्द?

होर्डिंग अजून आहे. आता त्यावर नवीन देशांची नावं वाढलीत. शेगावला गेलो की मी त्याच्याकडे पाहतो आणि डोकं तापतं. पण त्यांना किती शिव्या देणार... त्यांनी गोष्ट अर्धी सोडली, मी तर तिला खोटी सांगितली.

याचा उलगडा मला झालेला नाही, कुणी करून देईल असं वाटतही नाही. मी खोटं बोललो हे तिनं तेव्हाच ओळखलं असणार. तिनं मला झापायला पाहिजे होतं, चांगलं फैलावर घ्यायला पाहिजे होतं. ते न करता तिनं माझीच गोष्ट नीट पुरी करून दिली. सगळ्यात जास्त राग मला त्याचा येतो.