कॉम्प्युटरची खंडेनवमी

समस्त नागरिकांस, हाडे शाबूत असलेल्यांस आणि नसलेल्यांसही, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की धुळ्याच्या एका हाडांच्या दवाखान्यात, भर खंडेनवमीला, झेंडूच्या हारासकट एक कॉम्प्युटर धारातीर्थी पडला. त्या युद्धात मी होतो. माझ्या डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे. शंका असेल त्याने खुशाल बोट लावून पाहावे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी जळगावचा. कॉम्प्युटर म्हणजे काय हे ज्या गावात चारपाच जणांना ठाऊक होतं, त्यातला मी एक. केळीच्या व्यापाऱ्यांना, कापसाच्या जिनिंगवाल्यांना छोटे प्रोग्राम लिहून द्यायचो. एकदा धुळ्याहून निरोप आला की दवाखान्यात इंजेक्शनं चोरीला जातात, ती थांबवणारं यंत्र पाहिजे. मी एस्टी धरली.

दवाखान्याचे मालक मोठे डॉक्टर. हात सोन्याचा, डोकं फटाक्याचं. रागावले की हाताला येईल ते फेकत, आणि हाडांच्या डॉक्टरच्या हाताला येतं ते सगळं जड असतं. चोरीला जात होतं ते पेथिडिन. अफूच्या जातकुळीचं औषध. मोडलेल्या हाडाचं दुखणं ते विरघळवतं, आणि चटक लागली तर माणूसही विरघळवतं. त्यामुळे ते कुलपात ठेवायचं आणि एकेका अँप्यूलचा, त्या काचेच्या कुपीचा, जाब सरकारला द्यायचा असा कायदा. सरकारी तपासनीस आला, मोजणीत तूट निघाली, आणि तो गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी वॉर्डबॉयला धरलं. कुबडीने असा हाणला की त्याच्या गळ्याचं हाड मोडलं. मग त्यालाच टेबलावर बसवून स्वतःच्या हाताने पट्टा बांधला, बांधता बांधता शिव्या देत. पुढे दवाखान्याचा कंपाउंडर एकाएकी सुरतेला पळाला तेव्हा खरा चोर कोण ते कळलं. वॉर्डबॉयची माफी कुणी मागितली नाही. पट्टा मात्र फुकट मिळाला.

मी प्रोग्राम लिहिला. फार सुंदर लिहिला, हे सांगायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही म्हणून मीच सांगतो. पेशंट कोण, इंजेक्शन सांगणारा डॉक्टर कोण, देणारं कोण, हे सगळं भरल्याशिवाय प्रिंटर चिठ्ठी काढायचा नाही. चिठ्ठी नाही तर अँप्यूल नाही. फुटलेली रिकामी अँप्यूल परत आली नाही तर पुढची चिठ्ठी नाही. संध्याकाळी कपाटातला साठा मोजून आकडा टाकायचा, की यंत्र तूट सांगणार.

कपाटाची किल्ली अक्काच्या कमरेला. अक्का म्हणजे तिथली सगळ्यात जुनी नर्स. बुटकी, रुंद, आणि कमी बोलणारी. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची म्हातारी आई राहत. यंत्र बसवलं त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "अक्का, यापुढे एक जरी कमी भरली, तर मी हात उगारणार नाही. सरळ पोलीस बोलावीन. आणि खोल्या त्याच दिवशी रिकाम्या."

अक्का म्हणाली, "बरं."

आता आबा. आबा म्हणजे मोठ्या डॉक्टरांचे वडील, निवृत्त हेडमास्तर. घरात शुद्ध मराठीच बोललं पाहिजे हा त्यांचा दंडक. नातवाच्या तोंडून चुकून अहिराणी शब्द निघाला तर दहा उठाबशा. दवाखान्यात रोज फेरी मारून ते कण्हणाऱ्या पेशंटांना लाजवत. "मला वर्गाबाहेर बैलाने शिंग मारलं होतं. फडक्याने मांडी बांधली आणि तास पूर्ण केला. तुम्ही कसले ओरडता?" पेशंट बिचारे तोंडात पांघरूण कोंबत.

खंडेनवमीला आबांनी हत्यारांची पूजा मांडली. मोठे डॉक्टर जळगावला गेले होते; मी मात्र नवं यंत्र रुळेपर्यंत दवाखान्यातच मुक्काम ठोकून होतो. पाटावर हातोडे, करवती, ड्रिल, प्लॅस्टर कापायच्या कात्र्या, सगळ्यांना कुंकवाची बोटं. मधोमध टेबलावर कॉम्प्युटर, गळ्यात झेंडूचा हार, कीबोर्डवर अक्षता. मी अक्षता वेचायला गेलो तर आबांनी हातावर काठी मारली.

"आज हत्याराला विश्रांती. उद्या सीमोल्लंघन झालं की हात लावायचा."

छोट्या डॉक्टरांनी, म्हणजे पगारी पोरगेल्या डॉक्टरांनी, गयावया करून ऑपरेशनच्या अवजारांचा एक संच बाहेर ठेवून घेतला होता. पण कॉम्प्युटरचा दुसरा संच कुठून आणणार? आबांनी अक्काच्या कमरेची किल्लीही मागून घेतली, तिलाही हळदकुंकू वाहिलं आणि बंडीच्या खिशात टाकली.

"आबा, कोणी पेशंट आला तर?" अक्काने विचारलं.

"सणाच्या दिवशी कोण हाडं मोडून घेतं?"

दुपार कलायच्या आत साक्रीकडून ट्रॅक्टर आला. एका गावात बांधावर आपट्याचं झाड होतं. दसऱ्याचं सोनं आमच्या झाडाचं, असं बांधाच्या दोन्ही बाजूचे म्हणत होते. आधी पानं ओरबाडली, मग गचांड्या धरल्या, मग काठ्या आणि कुऱ्हाडीचा दांडा. एका बाजूच्या जवान गड्याची मांडी अशी मोडली होती की हाड धोतरातून बाहेर डोकावत होतं. दुसऱ्या बाजूच्या एकाचा हात कोपरापाशी भलतीकडे वळला होता. गावात ट्रॅक्टर एकच, म्हणून दोन्ही पार्ट्या एकाच ट्रॉलीत बसून आल्या. वाटेत दोनदा ट्रॉली थांबवून उरलेलं भांडण उरकलं होतं, असं ड्रायव्हरने अभिमानाने सांगितलं.

मांडीवाला ओरडत नव्हता. त्याच्या तोंडून एक बारीक शीळ निघत होती, श्वासागणिक. ती मला अजून ऐकू येते. छोट्या डॉक्टरांनी पाहिलं आणि कागदावर खरडलं, "पेथिडिन, दोघांना, लगेच." अक्का आबांपुढे जाऊन उभी राहिली. आबा कॉम्प्युटरपुढे खुर्ची टाकून बसले होते.

"आबा, किल्ली द्या. आणि या भाऊंना यंत्र चालू करू द्या."

"उद्या."

"आबा, त्याचं हाड बाहेर आलंय."

"बैलाने मला शिंग मारलं तेव्हा..."

मांडीवाल्याचा भाऊ पुढे आला. हातात अजून काठी होतीच. छोट्या डॉक्टरांना म्हणाला, "डॉक्टर, भाऊ मरी राहिना. सुई का नही देत?"

छोटे डॉक्टर आबांना भीत होते, भावाला त्याहून जास्त. त्यांनी बोट कॉम्प्युटरकडे केलं. "ते... ते चिठ्ठी देत नाही."

"ते कोन शे?"

"यंत्र आहे."

भावाने हार घातलेल्या त्या खोक्याकडे नीट पाहिलं. मग मागे वळून, ज्याच्याशी सकाळपासून मारामारी चालली होती, त्या समोरच्या पार्टीच्या म्होरक्याकडे पाहिलं. त्यालाही आपल्या माणसाचा वाकडा हात दिसत होता. म्होरक्याने मिशीवरचं रक्त पुसलं आणि काठी उचलली. "चाल. पहिले याले देखूत."

पंचायतीला जे जमलं नसतं ते माझ्या प्रोग्रामने करून दाखवलं. दोन्ही पार्ट्या खांद्याला खांदा लावून माझ्यावर चालून आल्या.

मी कॉम्प्युटरपुढे हात पसरून आडवा उभा राहिलो. पहिला फटका खांद्यावर, दुसरा पाठीत, आणि मग कुणीतरी लघवीचं पत्र्याचं भांडं भिरकावलं ते थेट भुवईवर बसलं. सुदैवाने रिकामं होतं. डोळ्यात रक्त उतरलं तरी मी पाहत होतो, कारण असा देखावा पुन्हा मिळणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. प्लॅस्टरची बादली उडाली आणि चारपाच माणसं पांढरीफटक झाली. सलाइनचा स्टँड भाल्यासारखा खिडकीतून बाहेर गेला. एकाने दुसऱ्याच्या कानाचा चावा घेतला आणि मग लक्षात आलं की तो आपल्याच पार्टीचा आहे. आणि आमचा वॉर्डबॉय, गळ्याचं हाड नुकतंच जुळलेला, हातात कुबडी घेऊन अवतरला. तीच कुबडी. तो कुणाच्याच बाजूने नव्हता. समोर येईल त्याला शांतपणे, प्रेमाने हाणत होता. इतका सुखी माणूस मी क्वचित पाहिला.

आबा मात्र हलले नाहीत. त्यांचं कौतुक केलंच पाहिजे. ते कॉम्प्युटरपुढे उभे राहिले, उजवा हात वर करून, वर्गात गोंगाट थांबवायला करतात तसा. मांडीवाल्याच्या भावाची काठी त्याच वेळी खाली आली. एकाच फटक्यात आधी आबांचा हात मोडला आणि मग स्क्रीन फुटला. वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातला गोळाच घरात फुटावा तसा आवाज झाला. काचा, झेंडू, धूर. पोलिसांनी गोळी झाडली असं वाटून दोन्ही पार्ट्या जमिनीवर आडव्या झाल्या.

त्या शांततेत फक्त ती शीळ ऐकू येत होती.

अक्का पूजेच्या पाटाशी गेली. कुंकू लावलेला मोठा हातोडा उचलला, कपाटापाशी गेली आणि कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला कुलूप कडीसकट निखळलं. तिने अँप्यूल काढल्या, सुया भरल्या आणि वळली. लगेच पहिली सुई कुणाच्या माणसाला यावरून जमिनीवरच कुजबूज सुरू झाली. अक्काने दुसऱ्या हातातला हातोडा थोडा वर केला.

"घाई कोणाला आहे? त्याने पुढे यावं."

कुणी आलं नाही. मांडीवाल्याला पहिली दिली, कोपरवाल्याला दुसरी. थोड्या वेळाने शीळ थांबली, आणि मांडीवाल्याचा भाऊ भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. छोटे डॉक्टर मांडीवाल्याला घेऊन ऑपरेशनच्या खोलीत गेले. वॉर्डबॉयने माझ्या भुवईवर कापूस दाबून धरला.

आबा काचांत बसले होते. चेहरा राखेसारखा. "मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. अक्काने त्यांना उठवलं, ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. आतून एकदा बैलाच्या हंबरण्यासारखा आवाज आला. मग पुटपुटणं. मग काहीच नाही.

दिवेलागणीला मोठे डॉक्टर आले. त्यांनी काचा पाहिल्या, प्लॅस्टरने माखलेली माणसं पाहिली, निखळलेलं कुलूप पाहिलं. काही फेकलं नाही. ते पाहूनच मी दोन पावलं मागे सरकलो.

"रिपोर्ट काढ," मला म्हणाले.

स्क्रीन गेला होता, पण खालचा डबा आणि प्रिंटर जिवंत होते. कुठल्या क्रमाने कुठलं बटण दाबायचं ते मला पाठ होतं. त्या कुंकवाने चिकट कीबोर्डवर मी आंधळ्यासारखा बोटं चालवली. छोट्या डॉक्टरांच्या कागदावरून दोन नावं भरली, दोन रिकाम्या अँप्यूलची नोंद केली. मोठ्या डॉक्टरांनी कपाटातला साठा स्वतः मोजला, मी आकडा टाकला. प्रिंटर करकरत चालू झाला. कागद बाहेर आला.

तूट: एक.

मोठ्या डॉक्टरांनी कागद फाडून घेतला. "दोन दिल्या. तीन गेल्या. तिसरी कुठे आहे, अक्का?"

अक्काने निखळलेलं कुलूप उचलून टेबलावर ठेवलं.

"कुलूप तू फोडलंस?"

"मी फोडलं."

"तिसरी कुणी घेतली?"

अक्काने ड्रेसिंगच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि नजर जमिनीवर आणली. शब्द दिलेल्या माणसाची ती नजर होती. तिच्या मागच्या खिडकीतून तिच्या खोलीतला दिवा दिसत होता. आई जेवायला थांबलेली असणार.

"सांगू शकत नाही, साहेब."

मोठ्या डॉक्टरांनी वॉर्डबॉयला सांगितलं, "जा. पोलीस चौकीवर जाऊन ये." वॉर्डबॉय कुबडी धरून तसाच उभा राहिला. मोठ्या डॉक्टरांनी पाटावरची प्लॅस्टरची कात्री उचलली. ती कुणाच्या दिशेने जाणार याचा अंदाज मी बांधत होतो, तेवढ्यात ड्रेसिंगच्या खोलीचं दार करकरलं.

दारात आबा. हात फळीला बांधलेला, बंडी उघडी, धोतराचा सोगा जमिनीवर लोळतोय, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी त्या माणसाचे दात पहिल्यांदा पाहिले. कुणी काही विचारायच्या आत, चाळीस वर्षं पोरांना शुद्ध मराठी शिकवलेले आमचे हेडमास्तर साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असे म्हणाले,

"पोऱ्या, तिसरी मन्हा ढुंगनमा शे. बठ्ठं दुखनं गयं. आजून एक शे का?"