काकू दार झाल्या तेव्हा

काकूंच्या गळ्यातल्या कार्डावर ‘वरिष्ठ चाचणी अभियंता’ असं छापलेलं होतं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. अख्ख्या ऑफिसात त्या वाचनकाकू. कारण त्या प्रोग्राम वाचून दाखवायच्या. मोठ्यानं, खणखणीत आणि, इथंच खरी गंमत, आवाज काढून. मोटारीचा भाग आला की काकू घोगऱ्या व्हायच्या. बटणांचा भाग आला की चिवचिवायच्या. ब्रेकचा भाग वाचताना तर असे काही दातओठ खायच्या की शेजारच्या खोलीतली मंडळी कोण कुणाशी भांडतंय ते बघायला डोकावून जायची.

कंपनी लिफ्टची अक्कल बनवायची. लोखंड, दोर, मोटार हे सगळं दुसरीकडून यायचं. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं, आत दहाऐवजी चौदा माणसं कोंबली तर कुणावर ओरडायचं, ही अक्कल इथली.

आणि इथं एक रीत होती. नवा प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या लिफ्टमध्ये घालण्याआधी तो कागदावर छापायचा, चार माणसांनी एका खोलीत तासभर बसायचं आणि ओळ न् ओळ वाचायची. वाचणारा तो, ज्यानं प्रोग्राम लिहिलेला नाही. ज्यानं लिहिलाय त्यानं हजर राहायचं, पण मूग गिळून. लिहिणाऱ्यांची तोंडं काही सहजी बंद राहत नाहीत, म्हणून काकू त्यांच्या तोंडात पेपरमिंट द्यायच्या. विरघळली की दुसरी. “तुझ्या मनात काय होतं ते मला नकोच आहे, राजा,” त्या म्हणायच्या. “लिफ्टला थोडंच तुझं मन कळतं? तिला कागदावरचं कळतं. मलाही तेवढंच कळू दे.”

काकू काही कॉलेजातून हे शिकून आल्या नव्हत्या. आधी अकरा वर्षं त्या बसस्थानकावर घोषणा करत. मग टायपिस्ट म्हणून इथं लागल्या, आणि दुसऱ्यांचे प्रोग्राम टाइप करता करता एक दिवस म्हणाल्या, “अहो, ही ओळ त्या ओळीच्या अगदी उलटं सांगतेय, चालेल का?” चालणार नव्हतं. तिथून त्यांची खुर्ची हलली ती थेट चाचणी विभागात. नजर मात्र त्यांनी घरात कमावलेली. नवरा शिंपी. नवा शर्ट कुणी कौतुकानं दाखवला की हा गृहस्थ आधी तो उलटा करणार. “अगं, वरून सगळेच शर्ट छान असतात,” हे त्यांचं रोजचं भजन. काकू वैतागायच्या, पण ऑफिसात येऊन प्रोग्रामच्या शिवणी उसवून बघायच्या.

तर, त्या गुरुवारी साहेबांनी काकूंना बोलावलं. साहेबांना ‘बेसिकली’शिवाय वाक्य सुरू करता येत नसे आणि ‘राइट?’शिवाय संपवता.

“बेसिकली काकू, हॉस्पिटलची लिफ्ट सोमवारी सुरू होतेय, राइट? आणि बेसिकली आपल्या तीनशे बारा चाचण्या आहेत, त्या सगळ्या पास आहेत, राइट? मग बेसिकली चार माणसं तासभर कोंडून हे नाटक कशाला? मागच्या तीन बैठकांत काय सापडलं? दोन स्पेलिंग आणि एक स्वल्पविराम.”

“पूर्णविराम होता तो, साहेब.”

“तेच ते. उद्याची बैठक शेवटची. मी स्वतः बसतो घड्याळ लावून. काही दमदार सापडलं तर बघू. नाही तर ती खोली विक्रीवाल्यांना, आणि तुम्ही तक्रारींच्या फोनवर. आवाज छान आहे तुमचा, राइट?”

फोनवर बसायची काकूंना लाज नव्हती. पण ही रीत त्यांनी नऊ वर्षं जिवापाड सांभाळलेली. बरं, काही सापडावं असं मनात धरायचं, तर ती लिफ्ट जाणार रुग्णांच्या दाराशी. तिथं चूक निघावी म्हणून कुणी नवस बोलतं का?

शुक्रवारी सकाळी अकराला पाच जणं खोलीत. काकू. कोपऱ्यात साहेब, मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं. नोंदी घेणारी मुलगी, जिला सगळे टीपकागद म्हणत, कारण बोललेला एक शब्द ती सांडू देत नसे. लिफ्ट बसवणारे मिस्त्री, ज्यांना प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि म्हणूनच काकूंना ते हवे असत. आणि बुलेट. प्रोग्राम त्याचा. बोलायचा सुसाट, चालायचा सुसाट, आणि कशाबद्दलही विचारा, “हॅ! डाव्या हाताचं काम आहे!”

“काकू, दाराचा भाग आहे नुसता,” तो म्हणाला. “डाव्या हाताचं–”

“आ कर,” काकू म्हणाल्या आणि पेपरमिंट आत.

पहिली दहा मिनिटं कोरडी गेली. ओळ एक ते नव्वद, सगळं चोख. साहेबांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं, तिसऱ्यांदा काकूंकडे. बुलेट खुर्चीत रेलून पेपरमिंट या गालातून त्या गालात फिरवत होता. टीपकागदच्या वहीत तारखेखेरीज काही नव्हतं.

मग दार बोलायला लागलं.

“मी दार,” काकूंनी हनुवटी वर केली आणि आवाज असा काही लावला, जणू सोसायटीच्या फाटकावरचा कडक वॉचमन. “माझ्या कडेला एक डोळा आहे. मी मिटायला लागले आणि मध्ये कुणी आलं, की डोळा सांगतो, थांब! मी उघडते. आणि ‘अडथळे’ नावाच्या माझ्या वहीत एक वाढवते.” त्यांनी बोट ओळीवर ठेवलं. “कुणी वीस वेळा आडवं आलं, तर मी समजते, कुणीतरी माझी चेष्टा करतंय. मग मी डोळ्याचं ऐकत नाही. टीं टीं टीं करते आणि हळूहळू मिटते. मिटतेच!”

“बरोबर आहे,” मिस्त्री म्हणाले. “पोरं खेळत बसतात दारात. लिफ्ट अडकून राहते.”

“मग करून बघू. मिस्त्री, या आडवे.”

मिस्त्री खरोखर उठले. काकूंनी दोन्ही हात दारासारखे पसरले, मिटत आणले. मिस्त्रींनी मध्ये कोपर घातलं. “एक!” काकू फिस्कारल्या. पुन्हा. “दोन!” साहेबांनी कपाळाला हात लावला. बुलेटला हसू आवरेना. सात झाल्यावर काकू थांबल्या, गर्रकन वळल्या आणि बसस्थानकाच्या आवाजात म्हणाल्या, “लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आलेली आहे.” हात पुन्हा पसरले, मिस्त्रींचं कोपर आलं.

“आठ!”

“आठ कसं?” मिस्त्री म्हणाले. “मजला बदलला ना, काकू. इथली माणसं वेगळी. पुन्हा एकपासून.”

“अहो, मी कागदावरचं वाचतेय. कागदावर...” काकूंचं बोट वर गेलं. खाली आलं. पान उलटलं. परत आलं. “कागदावर एकपासून म्हटलेलंच नाहीये.”

बुलेटचा गाल हलायचा थांबला.

“वही कोरी होते ती फक्त पहिल्या पानावर. लिफ्टचं बटण चालू करताना,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज आता ना वॉचमनचा होता ना बसस्थानकाचा. “नंतर कुठंच नाही.”

“म्हणजे?” साहेब पुढं सरकले.

“म्हणजे सकाळपासून दिवसभरात, कुठल्याही मजल्यावर, कुणीही मिळून वीस वेळा दार अडवलं, की त्यानंतर हे दार कुणाचंच ऐकणार नाही. आणि हॉस्पिटलची लिफ्ट कधी बंदच होत नाही. दहा वाजायच्या आत वीस होतील. मग स्ट्रेचर मध्ये असो नाही तर म्हातारं माणूस.”

“काहीतरीच!” बुलेटनं पेपरमिंट कडकन चावून गिळून टाकली. “काकू, मी लिहिलंय ते! आणि तीनशे बारा चाचण्या! त्यांत सापडलं नसतं?”

नेमका प्रश्न होता, आणि काकूंनी तो टाळला नाही. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं त्यांच्याच अक्षरात तक्ता होता: प्रत्येक चाचणीआधी लिफ्ट बंद करून पुन्हा चालू करा. सुरुवात स्वच्छ हवी.

“तीनशे बारा वेळा मीच वही कोरी करून दिली,” त्या म्हणाल्या. “तुझी एक ओळ राहिली, बाळा, आणि मी तिच्यावर पांघरूण घातलं. टीपकागद, दोन चुका लिही. एक त्याची, एक माझी.”

“बेसिकली, नुसत्या शब्दांवर मी सोमवारचं काम थांबवणार नाही, राइट?” साहेब म्हणाले. “दाखवा.”

सगळी वरात मागच्या शेडमध्ये. तिथं चाचणीची दोन मजली लिफ्ट होती, वर-खाली, वर-खाली. बुलेट सगळ्यांत पुढं, स्वतःला खोटं पाडायला नाही, काकूंना. मिस्त्रींनी झाडू उचलला आणि त्याचा दांडा दारात घालायला सुरुवात केली. खाली पाच. वर चार. खाली सहा. शेडमधली इतर माणसंही जमली आणि आकडे ओरडू लागली, जसा काही सामना रंगलाय. वर चार आणखी.

“एकोणीस!” टीपकागद, जी कधी ओरडत नसे, ती सगळ्यांत मोठ्यानं ओरडली.

लिफ्ट खाली आली. दार उघडलं. मिस्त्रींनी विसावी खेप घातली, झाडू बाजूला ठेवला, कागदाच्या रिमांचं रिकामं खोकं बरोब्बर दाराच्या मध्ये सरकवलं आणि मागं झाले.

टीं टीं टीं.

दार मिटायला लागलं. हळू, पण थांबायचं नाव नाही. खोक्याला टेकलं. खोकं वाकलं. कर्र झालं. चेपलं. डोळा लाल लाल लुकलुकत होता, ओरडत होता बिचारा, आणि दार ढिम्म.

“बंद करा ते!” साहेब किंचाळले, आणि मिस्त्रींनी आधीच बटणावर हात मारला होता.

मग बुलेट खाली बसला, खोक्याची चेपलेली कड बोटानं चाचपली आणि पहिल्यांदाच सावकाश बोलला. “काकू, माझ्या आईची दर आठवड्याला त्याच हॉस्पिटलात फेरी असते. चालायला तिला वेळ लागतो.” तो ताडकन उठला. “एक ओळ आहे. आत्ता घालतो, दोन मिनिटांत–”

“हात मागे!” काकू कडाडल्या. “आधी चाचणी. न बंद करता, दिवसभर लिफ्ट चालवणारी. ती आत्ता नापास झालेली मला दिसली पाहिजे. मग तुझी ओळ. मग ती पास. आणि चाचणी तू लिहायची नाहीस, टीपकागद लिहील.”

“मी?” टीपकागदचे डोळे चमकले. “लिहिते! आणि काकू, उघडं राहिलेलं दार, वीज गेलेली, अशा चाचण्या पण घालू? म्हणजे सगळीकडे वही कोरी होते की नाही...”

“घाल, घाल!”

साहेब एव्हाना कोपऱ्यात फोनवर होते. “नाही, सोमवारी नाही,” ते हॉस्पिटलला सांगत होते. “हो, मला माहितीये रिबिन आणलीये ते. ठेवा सांभाळून. आम्हाला एक सापडलंय. हो. आम्हालाच सापडलं, तुम्हाला सापडायच्या आधी.” शेवटचं वाक्य त्यांनी जरा छाती पुढं काढून म्हटलं. फोन ठेवून ते काकूंकडे आले, खोलीतून उचलून आणलेलं घड्याळ पाहिलं. अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

“दाराची किती पानं उरलीत?”

“नऊ,” काकू म्हणाल्या.

“आणि तास संपायला?”

“बत्तीस मिनिटं.”

“मग शेडमध्ये काय उभ्या राहिलात? चला!” साहेब म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी खोलीकडे पळत सुटले.