अण्णांच्या मुठीतला राजा

आमच्या अण्णांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दरवर्षी नौपाड्यात बुद्धिबळ स्पर्धा भरते. अण्णांना बुद्धिबळ येत नव्हतं.

नुसतं येत नव्हतं असं नाही, त्यांना या खेळाचा मनापासून तिटकारा होता. घोडा अडीच घरं चालतो हे कुणीतरी सांगितल्यावर ते म्हणाले होते, "मग टांग्याला जुंपा त्याला, काहीतरी उपयोग होईल." अशा माणसाच्या नावाचा चषक जिंकायला आज डोंबिवली, कल्याण, बदलापूरहून मुलं येतात, त्यांचे आईबाप डबे घेऊन हॉलच्या पायरीवर बसतात आणि हरून बाहेर आलेल्या पोराला "वजीर कशाला दिलास?" म्हणून फैलावर घेतात. हे सगळं माझ्यामुळे झालं. हे लिहून टाकल्याशिवाय मला आता स्वस्थ बसवत नाही. (तसं मला पूर्वीही बसवत नव्हतं. स्पर्धेच्या दिवशी मी किती येरझाऱ्या घालतो ते हॉलच्या वॉचमनला विचारा.)

या सगळ्याचं मूळ आहे एक फोटो.

मी कॉलेजात असताना बुद्धिबळापायी अभ्यास सोडला होता. व्हायचं तेच झालं, बी.कॉम.ला नापास झालो. निकाल लागला त्याच आठवड्यात आमची खडवलीला नदीकाठी सहल ठरली होती. निकालामुळे ती रद्द होईल असं मला वाटलं. पण आईने पुऱ्यांची कणीक मळून ठेवली होती, त्यामुळे निघावं लागलं. मी एवढा कोडगा, की पिशवीत पट घेऊन गेलो. झाडाखाली मामेभावाबरोबर डाव रंगात आला, आणि मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात माझ्या जागी अण्णा येऊन बसले. समोर पट, हनुवटीखाली मूठ, नजर खाली. मामाने नवा कॅमेरा आणला होता, त्याने टिपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट आणि सगळे लाकडी मोहरे बंबात गेले. त्या दिवशी आंघोळीचं पाणी फार सुरेख तापलं होतं.

पुढे अनेक वर्षांनी अण्णा गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर लक्षात आलं, की फोटो काढणाऱ्याकडे डोळे वटारून पाहत नाहीत असा त्यांचा हा एकच फोटो आहे. तोच मोठा करून घेतला. भेटायला आलेल्यांत आमच्या भागातल्या बुद्धिबळ मंडळाचे सेक्रेटरी होते. ते फोटोसमोर हात जोडून उभे राहिले, मग जरा पुढे वाकले.

"अण्णा खेळायचे? कधी बोलले नाहीत."

खरं सांगायची वेळ तीच होती. पण घरात माणसं बसलेली, आई समोर. मी म्हणालो, "थोडंफार."

सेक्रेटरी बरेच दिवस स्पर्धेसाठी प्रायोजक शोधत होते. माझी धाकटी बहीण सुधा, कल्याणला दिली आहे ती, डोळे पुसत म्हणाली, "दादा, अण्णांच्या नावाने स्पर्धाच भरवू या की रे." निकालाच्या वर्षी सुधा परकरात होती, भातुकली खेळत होती. तिला बंबाचं काही ठाऊक नव्हतं. मी हो म्हणालो. (आणि मनाच्या एका कोपऱ्यात मला जरा गंमतही वाटली, तेही कबूल करतो. ज्यांनी माझा पट जाळला त्यांच्याच फोटोखाली ओळीने पट मांडायचे! ही गंमत पुढे मला फार महागात पडली.)

पहिल्या वर्षी सूत्रसंचालक अण्णांना "बुद्धिबळप्रेमी" म्हणाले. दुसऱ्या वर्षी अण्णा "जाणकार" झाले. पुढे आमच्या मेहुण्यांनी माईक हातात घेतला, आणि अण्णांनी कुठल्याशा रशियन पाहुण्याला बरोबरीत रोखल्याचं मला प्रथमच कळलं. सुधा पहिल्या रांगेत बसून मान डोलवायची. तिचा चेहरा असा काही उजळायचा, की मी घशाशी आलेले शब्द चहाबरोबर गिळायचो.

त्यात फोटोने आणखी एक घोर लावला. एका वर्षी एक पालक त्या फोटोपाशी बराच वेळ रेंगाळले, चष्मा पुसून पुन्हा पाहू लागले. तेव्हा मीही पहिल्यांदा नीट पाहिलं. पटावर पांढरा राजाच नव्हता! अण्णांची ती जुनी युक्ती होती. आम्ही खेळायला बसलो की येता-जाता एक राजा उचलायचा, म्हणजे डाव आपोआप बंद. खडवलीलाही त्यांनी तेच केलं होतं. हनुवटीखालची ती विचारवंताची मूठ रिकामी नव्हती.

तेव्हापासून हार मी आणू लागलो. हार असा हवा, की अण्णांचा चेहरा दिसेल आणि पट झाकला जाईल. दरवर्षी मला तो जरा अपुरा वाटायचा, मी आणखी जाड करून घ्यायचो. शेवटी स्टेशनजवळचा हारवाला म्हणाला, "काका, फोटोला पाहिजे का ट्रकला?"

यंदा पंचविसावं वर्ष. सुधाने मला न सांगता मामाकडची मूळ प्रत मिळवली, हॉलभर फ्लेक्स केला आणि आमच्या मुख्य पंच कुलकर्णी मॅडमना सांगितलं, की अण्णांचा फोटोतला डाव मोठ्या पटावर जसाच्या तसा मांडा आणि मुलांना पुढची चाल ओळखायला लावा. मी हार घेऊन पोहोचलो, तेव्हा फ्लेक्स छतापासून जमिनीपर्यंत टांगलेला होता. माझा हार त्याच्यासमोर मनगटात बांधायच्या गजऱ्यासारखा दिसत होता.

मॅडम मोहरे लावत होत्या. लावता लावता थांबल्या. फ्लेक्सजवळ गेल्या, परत आल्या.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "पांढरा राजा कुठंय?"

दुर्दैवाने त्यांच्या गळ्यातला माईक चालू होता. सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. मी खिसे चाचपू लागलो, जणू तो माझ्याकडेच होता! तेवढ्यात सुधा उठली आणि कौतुकाने म्हणाली, "म्हणजे अण्णा राजाशिवाय खेळायचे?"

"म्हणून तर कधी हरले नाहीत," मेहुणे म्हणाले. "राजाच नाही, तर मात कुणाला करणार?"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतली एक आई पोराला म्हणाली, "बघ, शिक काहीतरी." प्रमुख पाहुण्यांनी भाषणाच्या कागदावर हे टिपून घेतलं. आणखी पाच मिनिटं गेली असती तर अण्णांची ही पद्धत क्लासमध्ये शिकवायला लागले असते. मी पुढे झालो, माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. नापास झालो ते, खडवली, मूठ, बंब, "थोडंफार", हार, सगळं. डोळे मिटून बोलत होतो, कारण उघडले असते तर समोर सुधा दिसली असती.

बोलणं संपवून डोळे उघडले. हॉल रिकामा होता! मी बंबापर्यंत आलो होतो, तेव्हाच बाहेरच्या फळ्यावर पहिल्या फेरीच्या जोड्या लागल्या होत्या आणि आपला सामना कुणाशी हे बघायला मुलं आणि पालक धावत गेले होते. मॅडम त्यांच्यामागे. पाहुणे आणि मेहुणे चहाकडे. इतक्या वर्षांचं माझं ओझं मी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपुढे उतरवलं होतं.

पहिल्या रांगेत फक्त सुधा होती. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, माईक बंद पडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्यांना खेळता येत नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"आवडतही नव्हतं."

"नाही गं. चुकलंच माझं. स्पर्धा बंद करायची तर..."

तिने मला पुढे बोलू दिलं नाही. पर्स उघडली, आतला छोटा बटवा सोडवला आणि त्यातून एक लाकडी राजा काढून माझ्यासमोर धरला. पिवळट पडलेला, डोक्यावरची फुली मोडलेली, आणि शाईने काढलेल्या झुपकेदार मिशा.

"माझ्या भातुकलीतला नवरा," ती म्हणाली. "अण्णांनी दिला होता. मी दरवर्षी इथे घेऊन येते. मला वाटायचं, त्यांना खेळाची आवड, म्हणून जपायला दिला असेल."

मी खुर्चीवर बसलो. त्या दिवशी प्रथमच.

"पण मग दादा, हा त्यांनी बंबात का नाही टाकला?"

फ्लेक्सवरचे अण्णा खाली बघत होते. पन्नास वर्षं मी त्या मुठीत राग आहे असं धरून चाललो होतो.

"देताना काही म्हणाले होते?" मी विचारलं.

"हो. म्हणाले, दादा पास झाला की त्याला दे. नवा पट आपण आणू."

मी हात पुढे केला. "मग इतकी वर्षं दिला का नाहीस?"

सुधाने डोळे पुसले आणि राजा परत बटव्यात टाकला.

"तू पास कुठे झालास?"

ते खरंच आहे. ऑक्टोबरला बसतो, ऑक्टोबरला बसतो म्हणत मी ठाण्यातल्या एका कारखान्यात चिकटलो आणि तिथूनच रिटायर झालो. स्पर्धा चालूच आहे, बंद करायचं नाव काढलं तर सुधा अंगावर येते. फ्लेक्सही तोच राहणार आहे. राजा मागितला तर मात्र एकच उत्तर मिळतं, "आधी पास हो."

म्हणून या वयात मी बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं आहे. परवा दुपारी अकाउंट्सचं पुस्तक उघडून बसलो होतो. ताळेबंद काही जुळेना, हनुवटीखाली मूठ टेकली आणि तसाच डोळा लागला. सूनबाईंनी मोबाइलवर फोटो काढला. घरात सगळ्यांना फार आवडला, चेहरा किती विचारी आलाय म्हणाले, आणि मोठा करून ठेवायचा असं ठरलंसुद्धा.

तेव्हा माझ्या पश्चात नौपाड्यात माझ्या नावाने हिशेबाची स्पर्धा सुरू झाली, तर कृपा करून या माणसाला बेरीज येत होती का, हे कुणी विचारू नये.