वहिनीवर आलेला सायीचा आळ

ही गोष्ट मी आजवर टाळली. मुलं विचारायची, "तुमच्या हातच्या कोंबडीचा रस्सा असा दाट कसा होतो?" मी हसून वेळ मारून न्यायचो. आता ऐंशी उलटली. लिहून पुरं केल्याशिवाय उठणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. शहाद्याकडच्या एका गावात आमची शेती होती. आई मांसाला शिवत नसे. त्यामुळे कोंबडी अंगणात, तीन दगडांवर, वेगळ्या पातेल्यात शिजायची आणि ती पुरुषांनीच रांधायची. त्या दिवशी बहिणीचे सासरे आणि दीर धानोऱ्याहून बैलांच्या दमणीने आले. रांधायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा वीस-एकवीसचा होतो.

कांदा, खोबरं, काळा मसाला, कोंबडी, सगळं एकाच पातेल्यात. पाहुण्यांचा मान म्हणून मिरचीपूड जरा सढळ हाताने घातली. मोठ्या भावाने थेंबभर रस्सा चाखला आणि त्याला ठसका लागला.

"पाव्हणास्ले रडावशी का रे?" म्हणत तो त्यांच्याजवळ जाऊन बसला.

पाणी वाढवलं असतं तर रस्सा पांचट झाला असता. आई देवळात गेली होती. मी रश्शाचा पळा तसाच हातात घेऊन घरात शिरलो. शिंक्यावरून सायीचं मडकं उतरवलं आणि त्याच पळ्याने आठवड्याची साय खरवडून नेली. चुलीपुढे वहिनी भाकरी थापत होती. लग्न होऊन तिला सहा महिनेही झाले नव्हते. तिने पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

रस्सा मऊ, दाट झाला. बहिणीच्या सासऱ्यांनी बोटं चाटली. "यामा काय टाकं रे तू?"

"खसखस," मी म्हणालो. मांसात साय घालतात हे आमच्यात कुणाच्या मनातही आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आईने मडकं पाहिलं. दुधाचं काम वहिनीकडे होतं. आईने सरळ तिलाच विचारलं, "माहेरले कधी साय दखी नही का?" वहिनीने मान खाली घातली. खरं कबूल करायचं तर कोंबडीच्या रश्शाचा पळा सायीत घातला हेही सांगावं लागलं असतं. आईने माझ्या हातचं पाणी महिनाभर घेतलं नसतं. मी बैलांना चारा टाकायला निघून गेलो.

आईने दुधाचं काम वहिनीकडून काढून घेतलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला, तेव्हा ओसरीवर त्याच्या देखत आई म्हणाली, "बहिणीले जरा शिकाडजो. साय चोरीन खास." तो पोरगेला माणूस लाल झाला. वहिनी गाठोडं घेऊन उभी होती. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच होतो, चार हातांवर.

वहिनीने मला कधीच उघडं पाडलं नाही. पण त्या घरात ती आई जाईपर्यंत सायचोरच राहिली. पोरंबाळं झाली तरी दुभत्याला हात लावायची तिला सोय नव्हती.

पुढे वहिनी अंथरुणाला खिळली. मी बोलायचं ठरवून गेलो. तिने सुनेला हाक मारून मला चहा आणवला. माझ्या नातवांची चौकशी करत राहिली. मी सगळ्यांची खुशाली सांगितली, कपाशीचा भाव सांगितला, आणि उठलो. महिन्याभरात ती गेली.

एवढंच म्हणायचं होतं: वहिनी, साय मी काढी व्हती. तुन्हा भाऊना समोर मी गप ऱ्हायनू. माले माफ कर.