फुलकिड्याचं बारसं

आमच्या अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, आत्या व्हायची फार हौस. मी लग्नच केलं नाही, त्यामुळे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा तिचा मान राहून गेला. मी मात्र मजेत आहे. धरणगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवावं आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकाखाली फुलकिडे ओळखत बसावं. तिळाहून लहान या किड्याची जात ठरवायची म्हणजे त्याच्या पंखांवरचे केस मोजायचे. कपाशीवाले किडे आणून देतातच, पण मागच्या वर्षी दक्षिणेतल्या एका मळ्यातून कुपी आली. चहा-कॉफीच्या कोवळ्या पानांचा रस शोषणारा हा कोण, असं त्यांनी विचारलं होतं.

पहिल्याच काचपट्टीवर पंखावरचे केस पुस्तकात दिल्यापेक्षा कमी भरले. नवी जात निघाली तर नाव ठेवायचं माझ्या हाती, म्हणून मी हुरळलो. तुलनेला मिरचीवरचे फुलकिडे हवे होते, ते आणायला शिंदखेड्याला अक्काकडे गेलो. परसातली, पानं मुरडून बोकडलेली मिरचीची झाडं पांढऱ्या ताटावर झटकता झटकता तोंडून सारं निघून गेलं.

नाव ठेवणं हा आत्याचा हक्क, असं अक्कानं तिथंच जाहीर केलं. किड्याला कान नसतात म्हटलं, तर म्हणाली, मग मिशीत सांगू. नावही लगेच ठरलं, आमच्या आईचं. मी चमकलो. पण आई शेवटच्या दुखण्यातही चहाची कपबशी उशाशी घेऊन असायची. चहा न सोडणाऱ्या जिवाला दुसरं कोणाचं नाव शोभणार, हे अक्काचं म्हणणं मला मनापासून पटलं. मग फोनवर ती माझ्याआधी बाळाची खुशाली विचारायला लागली.

कुपीतले बाकीचे किडे काचपट्टीवर घेतले, तर त्यांचे केस पुरेपूर भरले. पहिल्याचे तुटलेले होते; नीट पाहिल्यावर त्यांच्या खाचा दिसल्या. डोक्यावरचे केस, पोटावरच्या काळसर रेघा, सगळं अक्काच्या मिरचीवरच्या किड्याशी जुळलं. जात जुनीच, नाव कधीचंच ठेवलेलं. ज्या चहाच्या मळ्यात मी कधी पाऊल ठेवलं नाही, तिथला चोर आमच्याच परसात नांदत होता, याची मला गंमत वाटली. अक्काला सांगायचं मात्र जिवावर आलं. फोनवर नको म्हणून पुन्हा शिंदखेडा गाठलं.

ती ओट्यावर शेंगा फोडत होती. मी केस तुटल्यापासून सगळं सांगितलं. आपल्या मिरच्या खातो तोच का हा, एवढंच तिनं विचारलं आणि टरफलं गोळा करत बसली. मग म्हणाली, "आईनं नाव मी राखी ठेवस, भाऊ. दुसरा भेटी तवय माले सांग."

अक्कानं आईचं नाव पुढच्या किड्यासाठी राखून ठेवलंय. आता कोणी कुपी आणून दिली की झाकण उघडताना मला वाटतं, हा तरी बिननावाचा असू दे.