कम्फर्टच्या पर्समधली बाटली

नॉटिंगहॅमच्या चर्च हॉलमधले गुरुवारचे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की मी सुरू झाले की आमचे हे उठून दुसऱ्या खोलीत जातात. तुम्ही बसा.

नव्वदच्या दशकात लायबेरियातल्या युद्धातून निसटलेली माणसं तिथे यायची. मार्गारेट सूप करायची, मी फॉर्म भरून द्यायचे.

मार्गारेटचं सूप म्हणजे, देवा रे, कोमट पाणी आणि गाजर. पहिल्याच दिवशी कम्फर्ट नावाच्या बाईनं चमचाही न लावता पर्समधून मिरचीची बाटली काढली आणि सुपात उपडी केली. मार्गारेटचा चेहरा पडला. मी मुकाट्यानं माझाही बाऊल पुढे सरकवला. तेव्हापासून आमची गट्टी.

*

कम्फर्टची जन्मतारीख एक जानेवारी. हॉलमधल्या निम्म्या लोकांची तीच! दाखले जळालेले, म्हणून इमिग्रेशन ऑफिसनं सरसकट तीच लिहून टाकलेली. मार्गारेटला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "आमच्याकडे गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एक जून दिलाय. आमचे हे त्यातलेच."

नव्या वर्षाला मार्गारेटनं सगळ्यांसाठी एक केक केला. मेणबत्त्या किती लावायच्या, यावर तासभर मीटिंग चालली.

*

ती तारीख पुढे कम्फर्टला चांगलीच नडली. तिची आई लायबेरियाच्या सीमेपलीकडच्या कॅम्पमध्ये अडकलेली. इकडे आणायचं तर ती आईच आहे हे सिद्ध करा म्हणे! कागद नाहीत, म्हणून दोघींना वेगवेगळं गाठून तेच प्रश्न विचारले. आईनं तिकडे सांगितलं, मुलगी भातकापणीत झाली. इकडे कागदावर एक जानेवारी.

इंटरव्ह्यूला मी सोबत होते. ऑफिसर सज्जन, पण नकारार्थी मान हलवत होता. कम्फर्ट रडायला लागली, मलाही बघवेना. लंचच्या वेळी त्यानं बिचाऱ्यानं आमच्यासाठीही चीज सँडविच मागवलं. कम्फर्टनं डोळे पुसले, पर्स उघडली, वरचा ब्रेड उचलला आणि बाटली उपडी केली.

ऑफिसर बघतच राहिला. मग फाइल उलटत मागे गेला आणि आईला विचारलेला एक प्रश्न त्यानं वाचून दाखवला. मुलीला कसं ओळखाल?

खाली आईचं उत्तर होतं, "खायला द्या. चव न बघता मिरची घालेल."

*

एप्रिलमध्ये आई आली, एअरपोर्टवरून थेट हॉलवर. मार्गारेटनं त्या दिवशी मला विचारून सुपात चांगल्या चार हिरव्या मिरच्या घातल्या होत्या. बाऊल ठेवून ती श्वास रोखून उभी राहिली.

म्हातारीनं सुपाकडे पाहिलं. मग गाठोड्यात हात घातला.