ब्रीदरवरचा काळा रंग

ही हकीकत मी पस्तीस वर्षं टाळली. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात, तेव्हा मी बर्फाबद्दल बोलतो. फौजी गाड्यांच्या कॉन्व्हॉयमधल्या तीन नंबर गाडीबद्दल बोलत नाही.

मी फौजेत व्हेईकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता वय एकाहत्तर. बिरसीजवळ राहतो. गेल्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत ओळखीचा एक गॅरेजवाला म्हणाला, "उस्ताद, दरेकशाच्या उईकेची पिकअप आहे. गिअरबॉक्सचं ऑइल गळून राहिलं. तीनदा सील बदललं, तरी गळतेच. एकदा पाहून घ्या न."

दरेकशाचे उईके मला माहीत होते. नाईक बिसराम उईके माझ्या युनिटमध्ये ड्रायव्हर होता. तीन नंबर गाडी त्याची. पिकअप त्याच्या धाकट्या भावाची, धनसिंगची.

मी सकाळच्या रेल्वेगाडीनं निघालो आणि नऊ वाजता दरेकशाला उतरलो. धनसिंग अंगणातच होता. मी नाव सांगितलं. त्यानं बसा म्हटलं नाही.

"मेंढे? हवालदार मेंढे? त्या कागदावर सही केली ते तुमीच?"

"मीच."

"मंग आता काऊन आले? इतक्या वर्सांत रस्ता सापडला नाई?"

"गाडी बघायला आलो."

"दादाची गाडी बी तुमीच पायत होते न, जी?"

मी हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

तो कागद कोर्ट ऑफ इन्क्वायरीनंतर, म्हणजे फौजेच्या चौकशीनंतर, त्यांच्या घरी गेला होता. ड्रायव्हरनं ऑइल गळतीची खबर दिली नाही, ज्या अपघातात तो गेला तो त्याच्याच हलगर्जीपणामुळे झाला, असं त्यात होतं. आधार माझ्या सहीच्या जबानीचा होता. त्या कागदामुळे गावच्या शाळेतल्या शहिदांच्या फलकावर बिसरामचं नाव लागलं नाही.

छपरीत खाटेवर बिसरामची बायको सगुणाबाई बसली होती. पाय सुजलेले. ती माझ्याकडे एकटक बघत होती.

"वैनीले मंगळवारी गोंदियाच्या दवाखान्यात न्याचं हाये," धनसिंग म्हणाला. "नाईतं तुमाले फाटकातूनच वापस धाडलं असतं."

त्यानं किल्ली माझ्या हातात दिली नाही. जमिनीवर टाकली. मी उचलली.

गळती शोधायची तर आधी गाडी पुसायची. ओल्या गाडीखाली सगळंच गळतं असं वाटतं. मी गिअरबॉक्स रॉकेलनं धुतला, फडक्यानं कोरडा केला आणि त्यावर चुन्याची पूड मारली. तेल जिथून निघेल तिथून चुन्यावर रेघ उमटते. धनसिंगनं गाडी स्टेशनपर्यंत नेऊन आणली. मी पुन्हा खाली गेलो. रेघ मागच्या सीलपासून सुरू होत होती.

"हे त सगळ्यायनंच सांगतलं," तो म्हणाला. "मिल्ट्रीवाला कायले पायजे होता?"

सील नवं होतं. शाफ्ट हलवून पाहिला, ढिला नव्हता. घासल्याची खूणही नव्हती. मग मी ऑइल भरायचा बोल्ट सैल केला. आतून फुस्स करून हवा निघाली.

तो आवाज ऐकून मी तसाच गाडीखाली पडून राहिलो. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. ती बाहेर जायला वर एक लहान नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ब्रीदर बंद झाला की दाब सीलवर येतो आणि तेल बाहेर पडतं. मग कितीही नवी सील टाका. धनसिंगनं गंज लागू नये म्हणून पावसाळ्याआधी गाडीला खालून जळकं ऑइल मारून घेतलं होतं. त्यावर धानाच्या बांधीतला चिखल बसला. ब्रीदर त्याखाली गाडला गेला होता.

मला हे पाहायची गरज नव्हती. मी ते आधी एकदा पाहिलं होतं.

आमच्या युनिटमध्ये वार्षिक इन्स्पेक्शनच्या आधी गाड्या खालून धुवायच्या आणि चेसिसला काळा रंग मारायचा, अशी पद्धत होती. साहेब वाकून बघत, चेसिस चकाकलं पाहिजे. त्या वर्षी वेळ कमी होता. मी पोरांना सांगितलं, नळ्यांची तोंडं कागदानं झाकत बसू नका, सरळ फवारा मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच चाळीसला बिसराम आला. उभ्या गाडीखाली आम्ही रेतीचा ट्रे ठेवत असू.

"उस्ताद, ट्रेमंदी तेल पडून राहिलं."

"नवी रेती टाक. साहेबांना दिसायला नको."

इन्स्पेक्शन पार पडलं. दोन दिवसांनी कॉन्व्हॉय निघायच्या आधी तो परत आला.

"उस्ताद, अजून गळूनच राहिलं."

"बायकोची आठवण येते म्हणून बहाणे करतो का रे?"

तो हसला. मी गाडीखाली न वाकता फिट म्हणून सही केली.

अकरा दहाला घाटात रेडिओ बोलला. मी शेवटच्या, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत होतो.

"तीन नंबर, तीन नंबर, लोकेशन बताओ. ओव्हर."

उत्तर नाही.

"तीन नंबर, आवाज दो. ओव्हर."

दोन वाजता आम्ही दोर लावून दरीत उतरलो. गाडीत बिसराम एकटाच होता. त्याला वर पाठवलं आणि मी गिअरबॉक्स पाहिला. आत तेल नव्हतं. बेअरिंग जाम झालं होतं. वळणावर मागची चाकं अडकली असणार. ब्रीदरचं तोंड काळ्या रंगानं बंद होतं. आसपास कोणी नव्हतं. मी स्क्रू ड्रायव्हरनं तो रंग खरवडून काढला. इन्क्वायरीत विचारलं, ड्रायव्हरनं रिपोर्ट केलं होतं का? मी म्हणालो, नो सर.

पिकअपचा ब्रीदर मी तारेनं आणि रॉकेलनं साफ केला. फुंकून पाहिला. दाबानं उलटलेलं सील बदललं, ऑइल भरलं, पुन्हा चुना मारला. धनसिंग सालेकशापर्यंत जाऊन आला. चुना पांढराच राहिला. त्यानं वाकून स्वतः पाहिलं. बोट फिरवून पाहिलं.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मंग दादाच्या गाडीले काय झालतं?"

मी हात पुसत राहिलो. तेवढ्यात खाटेवरून सगुणाबाई बोलली. सकाळपासून पहिल्यांदा.

"त्यायनं तुमाले सांगतलं होतं का, जी?"

गाडीत बसल्यापासून मी वाक्य घोकलं होतं. चूक माझी होती, त्याची नाही. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आता आठवत नाही, बाई."

तिनं मान फिरवली. धनसिंग म्हणाला, "जा तुमी. गाडीची वेळ झाली." गाडीला अजून दीड तास होता.

उन्हाळ्यात गॅरेजवाल्याकडून कळलं, सगुणाबाई गेली. शेवटपर्यंत त्याच पिकअपनं दवाखान्यात जात होती. गाडी नंतर एकदाही गळली नाही, असं तो कौतुकानं म्हणाला.

हे सगळं लिहिलेला हा कागद मी धनसिंगला देणार आहे, एक प्रत शाळेला. फलकावर नाव लिहायचं ते असं: नाईक बिसराम उईके, दरेकसा. पण प्रश्न तिनं विचारला होता.

सगुणाबाई, त्यानं सांगितलं होतं. दोनदा.